साक्षीला कोण आहे?

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत आधी बदली कामगार होते, मग कायम झाले, आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर कशातच राहिले नाहीत. मुंबईच्या साठाहून अधिक गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार त्या संपात उतरले होते. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. माझा जन्म त्यानंतरचा. मी वाढलो ते त्या काळातल्या उपकारांच्या गोष्टी ऐकत. कोणत्या वाण्याने उधारी तोडली नाही, कोणत्या खानावळवाल्या मावशींनी पैशांचं नाव न काढता डबा चालू ठेवला, कोणत्या शेजाऱ्याने ताईची शाळेची फी भरली. आई आजही सणावाराला ती नावं घेते.

बाबा बदलीच्या दिवसांबद्दल क्वचितच बोलत. पहाटे गिरणीच्या दारात जाऊन उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कोण गैरहजर आहे ते पाहून जॉबर ज्याला खूण करील तो आत, बाकीचे घरी. जॉबरच्या मनातून उतरलेला माणूस महिनोन् महिने दारातच राहायचा. “बदलीवाल्याला कुणी काढत नाही रे,” बाबा म्हणायचे, “नुसतं बोलावत नाहीत.” या वाक्याचा पुरता अर्थ मला कार्डिफमध्ये कळला.

मी २००८ च्या सप्टेंबरात तिथे एम.एस्सी. करायला गेलो. पदवी हातात आली तेव्हा मंदी ऐन भरात होती. शिक्षणानंतर दोन वर्षं काम करू देणारा व्हिसा मिळाला, पण त्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं की सरकारी मदत घ्यायची नाही. म्हणजे काम सुटलं तर बेकारभत्ता नाही, घरभाड्याला हातभार नाही. शिकलेल्या विषयातली नोकरी मिळेना, म्हणून समारंभांना जेवण पुरवणाऱ्या एका कंपनीत लागलो. करारात कामाचे किमान तास शून्य. गुरुवारी संध्याकाळी मोबाइलवर मेसेज यायचा, त्यात पुढच्या आठवड्याच्या पाळ्या. मेसेज आला तर आठवडा सुटला.

कार्डिफचं पोट अशा पाळ्यांवर बरंच चालतं. टॅफ नदीच्या काठाला, भर शहरात, चौऱ्याहत्तर हजार माणसं बसतील असं रग्बीचं स्टेडियम आहे. सामन्याच्या दिवशी रेल्वे स्टेशनपासून सेंट मेरी स्ट्रीटपर्यंत मुंगीला वाट मिळत नाही. हॉटेलं, मेजवान्या, बिअरचे ठेले, सगळीकडे माणसं हवी असतात. सामना नसलेल्या आठवड्यात तीच माणसं घरी बसतात.

तिथल्या स्वयंपाकघरात मला मामगी भेटल्या. दक्षिण वेल्समध्ये आजीला अशी हाक मारतात. साठी ओलांडलेल्या होत्या, मोठी भांडी धुण्याच्या विभागात असायच्या, आणि सगळे कामगार त्यांना याच नावाने ओळखायचे. मीही तेच म्हणू लागलो. मी रुजू झालो त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या हातात युनियनचा अर्ज ठेवला. “आज भर. भांडण झाल्यावर भरलेला अर्ज उपयोगाचा नसतो.” गिरणी कामगाराच्या मुलाला यापुढे काही सांगावं लागलं नाही. मी उभ्या उभ्या सही केली.

दुसरी गोष्ट त्यांनी दिली ती सिल्व्हाइनची लाल वही. खिशात मावणारी, पातळ पुठ्ठ्याची, तिथल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी. पहिल्या पानावर त्यांनी स्वतः पट्टीने रकाने आखून दिले: तारीख, वेळ, काय झालं, कोण बोललं, कोण जवळ होतं. शेवटच्या रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं. “बाकीचे चार रिकामे राहिले तरी चालतील, बाख. हा कधी रिकामा सोडायचा नाही.” बाख म्हणजे बाळा.

ही सवय त्यांना संपात लागलेली. मामगी दक्षिण वेल्समधल्या डुलाइस खोऱ्यातल्या. नवरा कोळशाच्या खाणीत. १९८४ च्या मार्चमध्ये ब्रिटनच्या खाणकामगारांचा संप सुरू झाला तो वर्षभर चालला. ऑनल्विनच्या कामगार सभागृहातून दर आठवड्याला घरोघर शिधा जायचा आणि त्याचा हिशेब ठेवणाऱ्या बायकांत या होत्या. किती बटाटे आले, किती डबे गेले, कुणाच्या घरी तान्हं मूल आहे, सगळं लाल वहीत. त्याच वहीत एक नोंद लंडनहून आलेल्या पैशांची होती. पाठवणारी मंडळी होती ‘लेस्बियन्स अँड गेज सपोर्ट द मायनर्स’. समलिंगी तरुणतरुणींनी रस्त्यावर बादल्या फिरवून, डिसेंबर १९८४ मध्ये कॅम्डेनला मोठा गाण्याचा जलसा करून गोळा केलेले पैसे. ते त्यांनी या खोऱ्याला दिले, शिध्याच्या फेऱ्यांसाठी गाडी दिली. पुढे १९८५ च्या जूनमध्ये लंडनच्या प्राइड मोर्चात खाणकामगार आपले झेंडे घेऊन चालले, आणि त्याच वर्षी मजूर पक्षाच्या अधिवेशनात समलिंगींच्या हक्कांचा ठराव झाला तेव्हा खाणकामगार संघटनेची गठ्ठा मतं त्याच्या बाजूने पडली.

या इतिहासावर २०१४ मध्ये ‘प्राइड’ हा चित्रपट आला आणि जगाला तो ठाऊक झाला. मला तो त्याआधीच पातेली घासणाऱ्या बाईंच्या तोंडून कळला होता. त्या सांगायच्या, “आधी आमच्यातले बरेच जण बिचकले. मग ती पोरं आमच्या घरी राहिली, आमच्या चहाच्या कपातून प्यायली. दिलेलं कोण विसरतं?”

१९९० मध्ये तिथली ब्लेनांट खाण बंद झाली. छातीत धूळ बसलेल्या नवऱ्याला घेऊन मामगी लेकीजवळ कार्डिफला आल्या. नवरा गेल्यावरही भाडं आणि बिलं होतीच, म्हणून या वयात भांडी घासत होत्या. त्यांच्याही पाळ्या गुरुवारच्या मेसेजवरच यायच्या.

डिसेंबर २००९ मध्ये वेल्सचा माजी कर्णधार गॅरेथ थॉमस याने आपण गे असल्याचं जाहीर केलं. देशासाठी शंभर सामने खेळलेला, त्या वेळी कार्डिफच्याच संघात असलेला हा माणूस. चहाच्या सुट्टीत टेबलावर ते वर्तमानपत्र पडलेलं होतं आणि त्यावर हशा चालला होता. कुणीतरी म्हणालं, आपल्याकडे नाही बुवा असं कुणी. मी म्हणालो, “मी आहे.” आवाज चढवला नाही, भाषण केलं नाही. लपवत जगून मी थकलो होतो, आणि ज्या शहराच्या भिंतीभिंतीवर त्या कर्णधाराचे फोटो होते तिथे हे दोन शब्द बोलायला मला जागा वाटली.

पुढच्या आठवड्यांतली प्रत्येक गोष्ट लाल वहीत आहे. आधी मला वाढपातून काढून मागे पाठवलं. देखरेख करणाऱ्या गृहस्थांनी कारण दिलं की पाहुण्यांना अवघडल्यासारखं होतं. कोणत्या पाहुण्याला, ते सांगितलं नाही. मग खाद्यपदार्थांना माझा हात लागू नये यावरून विनोद झाले. जानेवारीत पाळ्या निम्म्या झाल्या. फेब्रुवारीत गुरुवारचा मेसेज यायचा थांबला. विचारलं तर उत्तर यायचं, सध्या काम कमी आहे.

१३ फेब्रुवारी २०१० ला कार्डिफमध्ये वेल्स विरुद्ध स्कॉटलंड सामना होता. तिथले लोक अजून ज्याच्या आठवणी काढतात असा, शेवटच्या काही मिनिटांत फिरलेला, ३१-२४ असा जिंकलेला. त्या दिवशी अख्ख्या शहराला हात कमी पडत होते. मी घरी बसून खिडकीतून गर्दीचा गलका ऐकत होतो.

हातावर पोट असलेल्याच्या बाबतीतला भेदभाव असा असतो. कामावरून काढल्याचं पत्र नसतं, कारण काढलेलंच नसतं. कारणाचा कागद नसतो, दिवस ठरलेला नसतो, पगार कापलेला नसतो. माणूस फक्त दारात उभा राहतो. ब्रिटनमध्ये आजही सुमारे दहा लाख लोक अशा शून्य तासांच्या करारावर काम करतात. ‘स्टोनवॉल’ या संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३५ टक्के एलजीबीटी कर्मचाऱ्यांनी सांगितलं होतं की भेदभावाच्या भीतीने आपण कामाच्या ठिकाणी आपली ओळख लपवतो. ज्याची पुढच्या आठवड्याची पाळी कुणाच्या तरी अंगठ्यावर अवलंबून आहे, त्याने ती का लपवू नये?

त्याच फेब्रुवारीत मी इंटरनेटवर मराठी वर्तमानपत्रं वाचताना डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांची बातमी पाहिली. नागपूरकडचे, मराठीचे प्राध्यापक, कवी, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात आधुनिक भारतीय भाषांच्या विभागाचे प्रमुख. वय चौसष्ट, निवृत्ती काही महिन्यांवर. ८ फेब्रुवारीच्या रात्री काही लोक कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले, त्यांच्या खासगी क्षणांचं चित्रण केलं, आणि विद्यापीठाने घुसणाऱ्यांऐवजी सिरस सरांना निलंबित केलं. विद्यापीठाचं घर सोडायची वेळ त्यांच्यावर आली. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २००९ मध्येच प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून वगळलं होतं. म्हणजे सरांनी कायद्याने गुन्हा ठरावा असं काही केलं नव्हतं. तरी निलंबन झालं, घर गेलं. काही प्राध्यापक, वकील, पत्रकार त्यांच्यामागे उभे राहिले, ते अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले, आणि १ एप्रिलला निलंबनाला स्थगिती मिळाली. ७ एप्रिलला ते राहत्या खोलीत मृतावस्थेत सापडले.

८ एप्रिल २०१० ला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, ब्रिटनच्या समानता कायद्यावर राणीची मोहोर उमटली. मी त्या दोन बातम्या एका बैठकीत वाचल्या. माझ्या भाषेचा एक शिक्षक नोकरीच्या पायी संपला होता, आणि मी ज्या देशात होतो तिथे मला कायद्याचं छत्र होतं. ते वापरलं नाही तर ते कुणासाठी होतं?

हे छत्रही आयतं आलेलं नव्हतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये समलिंगी पुरुषांना गुन्हेगार ठरवणारा कायदा १९६७ मध्ये सैल झाला. त्यासाठी संसदेत विधेयक आणणारे लिओ अ‍ॅब्ज हे कार्डिफमध्ये जन्मलेले, कार्डिफमध्ये वकिली करणारे, पाँटीपूलचे खासदार. पण तुरुंगाची भीती सरली तरी नोकरीची भीती तशीच राहिली. लष्करातून तर जानेवारी २००० पर्यंत माणसाला याच कारणासाठी घरी पाठवत. समलिंगी म्हणून कामावरून काढू नये, छळू नये, हा नियम अमलात आला १ डिसेंबर २००३ ला. मधे छत्तीस वर्षं गेली. मामगींच्या गावातला एक तरुण शिक्षक त्याच वर्षांतला. त्याच्यावर कसला खटला झाला नाही. पुढच्या वर्षी शाळेने त्याला बोलावलं नाही, एवढंच.

माझा दावा २००३ च्या त्या नियमांखाली उभा राहिला. युनियनच्या बाईंनी कार्डिफच्या सेंट अँड्र्यूज प्लेसमधल्या एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलची कामाची रीत मला समजावून सांगितली. दावा तीन महिन्यांच्या आत लावायचा. त्या वेळी आधी कंपनीला प्रश्नावली पाठवता येत असे आणि तिला उत्तरासाठी आठ आठवडे असत. भेदभाव झाला असावा असं दाखवणाऱ्या गोष्टी मी पुढे ठेवल्या, की तसं झालं नाही हे सिद्ध करण्याचं ओझं मालकावर जातं. “पण त्या गोष्टी तुझ्या एकट्याच्या शब्दावर नकोत,” त्या म्हणाल्या. “१३ तारखेला काम होतं की नव्हतं, हे सांगणारं आत कुणी आहे का?”

त्या रात्री मी घरी फोन केला. पैशांची अडचण बाबांना माहीत होती, कारण माहीत नव्हतं. सिरस सरांची बातमी त्यांनीही वाचली होती. मी सगळं सांगितलं: मी कसा आहे ते, आणि त्यापायी काय झालं ते. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग एकच प्रश्न आला, अस्सल युनियनवाल्याचा.

“साक्षीला कोण आहे?”

माझ्या असण्याबद्दल बाबा पुढे बराच काळ बोलले नाहीत. पण केसचं काय झालं ते दर रविवारी विचारत राहिले. मुलाच्या बाजूने उभं राहण्याची त्यांना जमणारी रीत ती होती आणि मला ती पुरली.

साक्षीला मामगी होत्या. मी विचारायच्या आधी त्यांनीच विषय काढला. मी त्यांना म्हणालो की तुमच्याही पाळ्या त्यांच्याच हातात आहेत, नीट विचार करा. त्यांनी हात पुसले आणि विचारलं, “कुठे लिहायचं?” युनियनच्या ऑफिसात बसून त्यांनी जबानी दिली. कोण काय बोललं, मला वाढपातून काढलं तेव्हा कोणतं कारण दिलं, आणि १३ फेब्रुवारीला एजन्सीकडून नवी, कधी न आलेली माणसं मागवली होती, त्यांना भांडी कुठे ठेवायची हेही ठाऊक नव्हतं. त्यांच्याही वहीत ती तारीख होती. खाली त्यांनी पूर्ण नाव, पत्ता आणि सही केली. ती सही मी नंतर कितीतरी वेळा पाहिली आहे. शाळकरी, गोल अक्षरातली, कुठेही न थरथरलेली.

पुढच्याच महिन्यात त्यांच्या दोन पाळ्या गेल्या. त्यांनी मला ते सरळ सांगितलं, आणि लगेच पुढचं वाक्यही: “तुझ्यामुळे नाही, त्यांच्यामुळे. हे दोन्ही एकत्र करू नकोस.” साक्ष दिली म्हणून त्रास देणं हेही स्वतंत्रपणे बेकायदा आहे, असं युनियनने कंपनीला पत्राने कळवलं. एक पाळी परत आली. दुसरी आली नाही. माझ्या प्रकरणात उन्हाळ्यात तडजोड झाली: नुकसानभरपाई, साचलेल्या सुट्ट्यांचे पैसे आणि पुढच्या नोकरीसाठी साधं, स्वच्छ शिफारसपत्र. त्या पत्रावर मला माझ्या विषयातली पहिली पक्की नोकरी मिळाली. भरपाईतला काही भाग मी मामगींपुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही, पण मला मोकळंही सोडलं नाही. म्हणाल्या, “कधी कुणी तुझी सही मागितली तर पेन शोधत बसू नकोस.”

मी भाग्यवान ठरलो ते काळाच्याही बाबतीत. माझ्या वेळी ट्रायब्युनलला फी नव्हती. जुलै २०१३ पासून ती बसवली. भेदभावाच्या दाव्याला सुरुवातीला अडीचशे आणि सुनावणीला साडेनऊशे, मिळून बाराशे पौंड. त्यानंतर दाव्यांची संख्या झपाट्याने घसरली. युनिसन ही कामगार संघटना लढत राहिली आणि २०१७ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फी बेकायदा ठरवून रद्द केली. मधल्या चार वर्षांत माझ्यासारखे किती जण दारातूनच परत फिरले असतील, याचा विचार आला की आजही मन खट्टू होतं.

मामगी २०१९ मध्ये गेल्या. त्यांनी लावून दिलेलं काम चालू आहे. मी कामाच्या ठिकाणी युनियनचा प्रतिनिधी झालो. केअर होममध्ये रात्रपाळी करणारी एक पारलिंगी मुलगी, नाव बदलल्यावर जिच्या पाळ्या आटल्या. व्हिसा मालकाच्या हातात असल्याने तोंड न उघडणारा एक आचारी. जोडीदाराचा फोटो टेबलावरून काढून ठेवायला सांगितलेली एक मराठी मुलगी. प्रत्येकाला मी आधी लाल वही देतो आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवतो. आणि प्रत्येक वेळी खरी अडचण तिथेच येते. कायदा असतो, कलम असतं, वकीलही मिळतो. शेजारच्या टेबलावरचा माणूस मात्र म्हणतो की मी काही पाहिलं नाही.

भारतात ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून कायमचं बाहेर काढलं. त्या दिवशी बाबांचा फोन आला, आणि त्यांनी पहिल्यांदा त्या विषयावर स्वतः होऊन बोलायला सुरुवात केली. तृतीयपंथी आणि पारलिंगी व्यक्तींशी नोकरीत भेदभाव करू नये, असं २०१९ चा कायदा सांगतो. पण खासगी कंपनीतल्या गे मुलाला किंवा लेस्बियन मुलीला याच कारणावरून कामावरून दूर केलं, तर थेट बोट ठेवावं असं कलम आपल्याकडे अजून नाही. ब्रिटनला छत्तीस वर्षं लागली. आपल्याला तेवढी लागू नयेत यासाठी कायदा मागायला हवाच. पण कायदा येईपर्यंत आणि आल्यानंतरही, पुण्याच्या आयटी कंपनीत, नाशिकच्या कारखान्यात, मुंबईच्या हॉटेलात बाजूला सारलेल्या माणसाला आधी लागणार आहे तो साक्षीदार: त्याच्याच शेजारी काम करणारा, स्वतःची पाळीही धोक्यात असलेला, आणि तरीही कुठे सही करायची ते विचारणारा.

लंडनच्या त्या मुलांनी डुलाइसच्या चुली पेटत्या ठेवल्या, म्हणून माझ्या बाजूच्या जबानीखाली मामगींची सही आली. लालबागच्या मावशींनी डबा दिला, म्हणून मला ती सही मागायची भीती वाटली नाही. हे ऋण पैशांनी फिटणारं नाही आणि मनातल्या कृतज्ञतेनेही नाही. ते फिटतं तेव्हाच, जेव्हा आपल्या शेजारच्या माणसाला मेसेज यायचा थांबतो आणि आपण सर्वांसमक्ष म्हणतो की काम होतं, मी पाहिलं आहे, माझं नाव लिहा.